भाग : "बोलणं बंद" असलेल्या घरातली शांती

मी कळमन्यातून बोलतोय. मागे ट्रकांचा आवाज आला तर सांभाळून घ्या, मार्केट जवळच आहे.

आजचा विषय भांडण. म्हणजे भांडण झाल्यावर काय करायचं, ते. आधी माझंच सांगतो.

माझा मोठा भाऊ कळमना मार्केटमध्ये एका अडत्याकडे हिशेब बघतो. मी बीटेक करून आयटीत लागलो. घर वाढवायला कर्ज काढलं, आणि कोणी किती भरले यावरून आमचं वाजलं. मी काय केलं? एक्सेल शीट बनवली. तारखेसकट. आणि फॅमिली ग्रुपवर टाकली. काका, आत्या, मामेभाऊ, सगळ्यांसमोर. माझा एक आकडाही चुकीचा नव्हता. दादा ग्रुपमधून बाहेर पडला आणि अकरा महिने आम्ही बोललो नाही. एकाच घरात. आई दोनदा ताटं वाढायची, आधी त्याचं, मग माझं.

दर रविवारी मी चर्चला जायचो, गिटार वाजवायचो. आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू काय सांगतो? वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट बघा, "चूक तुझी असेल तर" अशी अट त्यात नाहीच. त्याच्या मनात काही आहे ना? मग तू ऊठ. अठराव्या अध्यायात दुसरी गोष्ट : भावाने तुझा अपराध केला, तर आधी एकट्याला गाठून सांग. दोघांतच. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी गाव गोळा केलं.

आता एक जुनी गोष्ट, आपल्याच भागातून सुरू होणारी. कळमना स्टेशनवरून हावड्याकडे लाईन जाते ना, त्याच मार्गाने 1893 च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. दोघं चार-पाच वर्षं वेगळी राहिली.

पुढे ती एकत्र आली, पण लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. अहमदनगरला त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. टिळक स्वभावाने तापट, हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. पण या एका बाबतीत टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जातपात सोडली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

मला यात बाप्तिस्म्याइतकीच ती मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. मतभेद मिटलेला नाही, चूल वेगळी आहे, तरी नातं चालू आहे. आपण म्हणतो, "आधी तू मान्य कर, मग बोलू." त्यांनी आधी सोबत राहायला सुरुवात केली.

पण एक सांगतो. कोणी मारहाण करत असेल, छळत असेल, तर गप्प बसून सोसणं म्हणजे शांती नाही. तिथं आधी सुरक्षित व्हा, विश्वासातल्या माणसाला सांगा, मदत घ्या. क्षमा करणं वेगळं, आणि पुन्हा मार खायला परत जाणं वेगळं.

तर, माझं पुढं काय झालं. एका सकाळी सहाला मी मार्केटमध्ये गेलो. मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे रडतोय की काय ते कळत नव्हतं, बरंच झालं. दादा म्हणाला, "काहून आला बे इथं?"

मी म्हटलं, "शीट ग्रुपवर टाकली ते चुकलं माझं. सगळ्यांसमोर तुला खाली पाडलं." एवढंच. "पण तू पण" हे शब्द तोंडाशी आले होते, गिळले.

तो बराच वेळ बोलला नाही. पावत्या लावत राहिला. मग म्हणाला, "चहा घेशील?"

त्या संध्याकाळी ग्रुपवर पण लिहिलं की चूक माझी होती. अपमान चारचौघांत केला, मग माफी गुपचूप कशी चालेल?

पैशांचा हिशेब? तो अजून पूर्ण जुळलेला नाही. महिन्यातून एकदा दोघं बसतो, कधी आवाजही चढतो. पण आई आता ताटं एकदाच वाढते.

या आठवड्यात एकच करा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला मोठा मेसेज टाइप करू नका. जा, नाहीतर फोन लावा. फक्त आपल्या वाट्याची चूक सांगा आणि थांबा. समोरचा काय करेल ते आपल्या हातात नाही. आपल्याकडून जेवढं होईल तेवढं करायचं, पौलही रोमकरांना हेच सांगतो.

चला, भेटू पुढच्या भागात. शांती असो.