कविता ऐकल्यावर काय बोलायचं?

(भंडारा जिल्ह्यातल्या लिहित्या बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘नवोदित कवयित्रींना मार्गदर्शन’. मार्गदर्शन करण्याएवढी मी मोठी नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शिवाय गेली काही वर्षं आम्ही नऊ-दहा जणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकमेकींच्या कविता ऐकतो. माझं भांडवल एवढंच. आमच्यात दोघी बिड्या वळणाऱ्या आहेत, एक अंगणवाडी सेविका, एक नर्स, दोघी शिक्षिका, बाकीच्या शेतावर जाणाऱ्या. रोवणीच्या आणि धानकापणीच्या दिवसांत बैठक होत नाही. पुस्तक कुणाच्याही नावावर नाही. या बैठकांत आमच्या हातून एक मोठी चूक झाली. आज त्या चुकीबद्दल बोलणार आहे.

आपल्या झाडीपट्टीत गाण्या-कवितेला तोटा नाही. दंडार आहे, नाटकं आहेत, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आहेत. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं उभी राहिली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, आणि या बोलीतही साहित्य होतं हे आपल्या लोकांना पटू लागलं. खेड्यापाड्यात झाडीबोलीची संमेलनं भरू लागली. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या तर त्याही आधीच्या.

आपण गातो, लिहितो, ऐकतोही. पण ऐकल्यानंतर काय बोलायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ‘छान आहे’ म्हणतो आणि चहा घेतो. बाईची कविता असेल तर पुढे आणखी एक वाक्य येतं, ‘घर सांभाळून एवढं लिहिते, कौतुक आहे!’ हे कौतुक घर सांभाळण्याचं झालं. कवितेबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता ती गोष्ट सांगते. जिची आहे तिच्या परवानगीने सांगते, नाव मात्र सांगत नाही.

आमच्यातल्या एकीने एका बैठकीत मुलावरची कविता वाचली. मुलगा सात वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. हा आजार पूर्व विदर्भात किती घरांत आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोराच्या हातापायांत कळा येतात, रात्रभर रडतं, आई त्याचे पाय चोळत बसते. कविता त्या रात्रीची होती. मातामायेने कुठल्या तरी जुन्या पापाची शिक्षा दिली, तिच्या कुशीत विष पेरलं, असं तिने लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती:

माझ्याच कुशीचं पाप गं माये, त्याच्या हाडांत ठणकतं

ऐकताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी-तिघी म्हणाल्या, ‘फारच छान.’ एकीने चाल लावून म्हणायला सांगितलं. आणि मी काय केलं? मी शहाणी! शिबिरांना जाऊन आलेली! मी म्हणाले, ‘बाई, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. मातामाय कुणाला शिक्षा देत नाही. असली कविता लिहून तू बायांना मागे नेतेस.’

ती काही बोलली नाही. वही मिटली. पुढचे तीन महिने ती आली नाही.

त्या तीन महिन्यांत मुलाला ताप आला. तिने त्याला दोन दिवस घरीच ठेवलं, मातामायेच्या ओट्यावर नेलं, स्वतः उपास धरले. सिकलसेलच्या मुलाला ताप येणं हे साधं दुखणं नव्हे. जंतुसंसर्ग झपाट्याने वाढू शकतो, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी आमची नर्स मैत्रीण सहज तिच्या घरी गेली आणि उचलून घेऊन गेली, म्हणून पोरगं वाचलं.

मी विचार करत राहिले. ‘छान’ म्हणणाऱ्या मैत्रिणींनी तिच्या दुःखाला मान दिला, पण ती स्वतःला पापी समजते आहे हे त्यांनी चालू दिलं. मी तिचं म्हणणं चूक ठरवलं, पण खरं काय ते सांगितलं नाही. पाप नाही, मग काय? याचं उत्तर मी दिलं नव्हतं. माझ्यालेखी ‘विज्ञान’ म्हणजे दुसऱ्याला गप्प करायचा एक शब्द होता. आम्ही सगळ्या मिळून तिला एकटीला सोडून दिलं.

नंतर नर्स मैत्रिणीने तिच्या घरी बसून जे सांगितलं, ते इथेही सांगते. ते आपण प्रत्येकीने माहीत करून घ्यायला हवं.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून सिकल, म्हणजे विळा. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा येतात. हा आजार लागट नाही, जन्मतःच येतो. त्याचा वारसा आई आणि बाप अशा दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक होतं, आणि वाहक माणूस सहसा धडधाकट असतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची चारात एक. पहिलं रुग्ण निघालं म्हणून दुसरं सुटेल असं नाही, दर वेळी हिशेब नव्याने.

वाहकपणा या मुलखात एवढा का? वाहकांना जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. हिवतापाच्या प्रदेशांत, आफ्रिकेत काय आणि आपल्याकडे काय, ते लोक जास्त जगले आणि त्यांचा वारसा पुढे आला. म्हणजे ज्याला ती पाप म्हणत होती, त्याने तिच्या पूर्वजांना जगवलं होतं.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग तिने विचारलं, ‘म्हणजे त्याच्या बापाकडूनही आलं?’

मैत्रिणींनो, खरा प्रश्न इथे आहे. सात वर्षं त्या घरात एकच वाक्य चालू होतं, ‘आमच्या घराण्यात असं कुणाला नाही.’ वाहक धडधाकट दिसतो, त्यामुळे हे म्हणणाऱ्याला आपण खोटं बोलतो असं वाटतही नाही. पण मूल रुग्ण असेल तर वारसा दोन्ही घराण्यांत असतो. तपासणीला मात्र सून एकटी जाते आणि ठपकाही तिच्यावरच येतो. ‘मातामायेचा कोप’ हे शब्द तिच्या कवितेत आले होते खरे, पण त्यातलं ‘पाप’ तिच्या कुशीवर लिहिणारे हात घरातले होते.

ती बैठकीत परत आली तेव्हा मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिने तीच कविता पुन्हा वाचली. ओळ आता अशी होती:

दोघांच्या रक्ताचं देणं गं माये, त्याच्या हाडांत ठणकतं

अक्षरं मोजा, तितकीच आहेत. चाल मोडली नाही. ‘माये’ ही हाकही तशीच आहे. मातामायेला तिने सोडलेलं नाही. आजही पोराला कळा आल्या की ती तिला हाक मारते, आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी रोज देते, पाणी भरपूर पाजते, ताप आला की थेट दवाखाना गाठते. नवऱ्याची रक्ततपासणी व्हायला पुढे चार महिने लागले. ती कशी झाली, ही वेगळी कविता आहे आणि ती तिनेच लिहायची आहे.

मला यातून एक भेद कळला. देवीला हाक मारणं ही एक गोष्ट, आणि देवीने अमुक केलं असं सांगणं ही दुसरी. हाक मारणाऱ्या बाईला अडवायचा अधिकार मला नाही. पण अमुक झालं ते अमक्यामुळे, असं म्हटलं की ते विधान झालं. मग ते कवितेत असो की पोथीत, ‘खरंच तसं आहे का?’ असं विचारता येतं, आणि त्या विधानाचं ओझं बाईवर पडत असेल तर विचारलंच पाहिजे.

कुणी म्हणेल, अशाने श्रद्धा संपेल. आपल्या म्हाताऱ्या बायांचे दंड बघा. तिथे गोल वण दिसतो, ‘देवी काढल्याची’ खूण. त्या रोगाचं नावच देवी होतं. अंगावर देवी आली म्हणायचे, लिंबाचा पाला बांधायचे, तिचा कोप होऊ नये म्हणून जपायचे. लस टोचणारे गावोगाव फिरले. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला. गावाच्या शिवेवरची मातामाय गेली का? तिथेच आहे, आपण आजही नारळ ठेवतो. तिच्यावरचा पोरं मारण्याचा आळ तेवढा गेला.

दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट झाली. आमच्यातल्या एकीने ‘विज्ञान’ नावाची कविता आणली. विज्ञान सूर्य, विज्ञान त्राता, विज्ञानाला शरण जा. मला फार आवडली. पण बिड्या वळणारी एक मैत्रीण म्हणाली, ‘ही तर आरतीच झाली. फक्त देव बदलला.’ ती बौद्ध घरातली. तिने कालाम सुत्ताची आठवण दिली. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे बुद्धाचं सांगणं. मग तीच म्हणाली, ‘आमच्या गाण्यांतही कधी कधी बाबासाहेबांचा देव होतो. त्यांनी विचार करायला सांगितलं, आम्ही ओवाळतो.’ स्वतःच्या गाण्याबद्दल असं बोलायला धाडस लागतं. त्या दिवशी बैठक संध्याकाळपर्यंत चालली.

एक दुखरी आठवणही सांगते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. आमच्या पुढच्या बैठकीत त्यावर तीन कविता आल्या. तिन्हींत बाळं देवाघरची फुलं झाली होती, तिन्हींत देवाने त्यांना बोलावून घेतलं होतं. यावेळी कुणी ‘छान’ म्हटलं नाही. एकीने हळूच विचारलं, ‘देवाने बोलावलं म्हटलं, तर आग कशाने लागली हे कुणाला विचारायचं?’ शोक करणाऱ्या आईला देवाचा आधार वाटत असेल तर तो काढून घेऊ नये. पण ती कविता आपण लिहितो तेव्हा व्यवस्थेला विचारायचा प्रश्न देवाच्या नावाखाली झाकला जात नाही ना, हे बघायला हवं.

आणि श्रद्धा ठेवून प्रश्न विचारणं आपल्या परंपरेत नवं नाही. चोखोबांची सोयराबाई सातशे वर्षांपूर्वी विठ्ठलाची भक्त होती, आणि देहाच्या विटाळाबद्दलचा प्रश्न तिने अभंगातच मांडला. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेल्या. लिहिणं आणि रोग्याला उचलून नेणं ही त्यांच्या लेखी वेगळी कामं नव्हती.

आता आमच्या बैठकीत आम्ही कविता ऐकल्यावर चार प्रश्न विचारतो. तुम्हाला उपयोगी पडले तर घ्या.

पहिला, कुठली ओळ मनात राहिली आणि का? दुसरा, कुठली ओळ उसनी वाटली, ऐकून-ऐकून गुळगुळीत झालेली? तिसरा, या कवितेत दोष कुणावर ठेवला आहे, आणि तो खरंच त्याचा आहे का? चौथा प्रश्न लिहिणारीला, तुला काय म्हणायचं होतं? चौथ्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणी निकाल द्यायचा नाही. मी तर नाहीच नाही.

आणि एक नियम. ‘हे चूक आहे’ म्हणायचं असेल तर बरोबर काय, हेही सांगायची तयारी हवी. ते माहीत नसेल तर माहीत असलेलीला बोलवायचं. आमच्या नर्स मैत्रिणीने कविता फार लिहिल्या नाहीत, पण आमच्या कविता तिच्यामुळे सुधारल्या.

दुपारच्या सत्रात तुम्ही सगळ्या वाचणार आहात. दोघी-दोघींच्या जोड्या करू. एकीने वाचायचं, दुसरीने बोलायचं, आणि बोलताना ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. जड जाईल. आम्हालाही गेलं होतं. आधी जेवून घेऊ.