एकोणीस गुणांचा ताळेबंद



ज्या शाळेत मी अक्षरे गिरविली त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. ज्या सरांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी आम्हांला अंकगणित शिकविले. उत्तर बरोबर असले तरी रीत मांडल्याखेरीज ते पूर्ण गुण देत नसत. पुढे माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली आणि रीत पाहण्याची ती सवय मला जन्मभर उपयोगी पडली.

हिशेबतपासनिसाने फुटबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. गोव्यातील श्रोत्यांना फुटबॉलची गोडी लावण्याची मात्र मुळीच आवश्यकता नाही. भाताची कापणी होताच शेतात गोलखांब रोवून खेळणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आज मी आपणांस इंग्लंडमधील एका क्लबाच्या एका हंगामाची हकीकत सांगणार आहे. क्लबाचे नाव पोर्टस्मथ आणि हंगाम २००९-१० चा. तो हंगाम खेळाच्या पानावर जितका वाचण्यासारखा आहे, तितकाच जमाखर्चाच्या वहीतही आहे; आणि लोकांच्या प्रेमावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो वाचावा, असे मला वाटते.

पोर्टस्मथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील आरमारी बंदर. नेल्सनचे जहाज तेथेच जतन केलेले आहे. गोदीत राबणाऱ्या या गावाचा क्लब १८९८ साली स्थापन झाला. फ्रॅटन पार्क हे त्याचे मैदान दाटीवाटीच्या कामगारवस्तीत आहे आणि तेथे सुमारे वीस हजार माणसे मावतात. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे हा क्लब इंग्लंडचा विजेता होता. नंतर बरीच पडझड झाली. २००३ साली तो पुन्हा सर्वोच्च श्रेणीत आला आणि १७ मे २००८ रोजी वेम्बलीच्या मैदानावर कार्डिफचा १-० असा पराभव करून त्याने एफ. ए. कप जिंकला. पुढल्या हंगामात युरोपातील स्पर्धेत ए. सी. मिलानसारख्या मातबर संघाला त्याने फ्रॅटन पार्कवर २-२ असे बरोबरीत रोखले. गावाने याहून अधिक काय मागावे?

परंतु याच सुमारास वहीत काय चालले होते? वीस हजारांच्या मैदानाचे उत्पन्न बेताचेच असते. त्यात दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा येतो, तो मुख्यतः सर्वोच्च श्रेणीत असेतोवर. अशा क्लबाच्या उत्पन्नातील तीन-चतुर्थांशाहून अधिक रक्कम केवळ वेतनावर जात होती. उरलेली तूट मालक अलेक्झांडर गायदामाक यांच्या आणि बँकांच्या पैशाने भरून निघे. २००८ अखेरीस जगभर आर्थिक मंदी आली, मालकांनी क्लब विकावयास काढला आणि बँका आपले कर्ज परत मागू लागल्या. कप जिंकणारे खेळाडू एकामागून एक विकले गेले. २००९ च्या उन्हाळ्यात ग्लेन जॉन्सन, पीटर क्राउच, सिल्व्हाँ दिस्ताँ आणि निको क्रांचार हे चौघेही गेले. विक्रीच्या पैशातून नवा संघ उभा राहिला नाही. जुनी कर्जे भागविण्यातच त्याचा मोठा भाग खर्ची पडला. आमच्या भाषेत याला मालमत्ता विकून चालू खर्च भागविणे म्हणतात. शेतकरी बियाणे खाऊ लागला की पुढल्या पावसाची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही, तसे ते झाले.

हंगाम सुरू झाला आणि पहिले सातही सामने पोर्टस्मथ हरला. पहिला विजय मिळाला तो ३ ऑक्टोबर २००९ रोजी, वुल्व्हरहॅम्प्टन येथे. नोव्हेंबरात प्रशिक्षक पॉल हार्ट यांना दूर करण्यात आले व अव्रम ग्रँट आले. मालक तर त्याहून वेगाने बदलले. ऑगस्टअखेर गायदामाक यांच्याकडून क्लब सुलेमान अल फहीम यांच्याकडे गेला, ऑक्टोबरात अली अल फराज यांच्याकडे, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये, पूर्वीच्या मालकाने कर्जाचे हप्ते चुकविल्यामुळे, ज्यांनी ते कर्ज दिले होते त्या हाँगकाँगच्या बलराम चैनराय यांच्याकडे. एका हंगामात चार मालक! खेळाडूंचे वेतन एकाहून अधिक वेळा थकले. नवे खेळाडू घेण्यास मनाई झाली. इतर क्लबांचे देणे फेडण्यासाठी दूरचित्रवाणीचा काही पैसा लीगने परस्पर त्यांच्याकडे वळविला. डिसेंबरात करखात्याने क्लब गुंडाळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आणि २६ फेब्रुवारी २०१० रोजी पोर्टस्मथवर प्रशासक नेमला गेला. सहकारी संस्थांवर प्रशासक येतो तो आपल्या परिचयाचा आहे. प्रीमियर लीगच्या चालू हंगामात मात्र असे कोणत्याही क्लबाच्या बाबतीत पूर्वी घडले नव्हते.

नियमानुसार मार्च महिन्यात क्लबाचे नऊ गुण कापले गेले. इंग्लंडमध्ये विजयास तीन गुण आणि बरोबरीस एक गुण मिळतो, अडतीस सामने होतात आणि वीसपैकी शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. पोर्टस्मथने सात सामने जिंकले, सात बरोबरीत सोडविले आणि चोवीस गमावले. म्हणजे कमाई अठ्ठावीस, कपात नऊ, शिल्लक एकोणीस. विद्यार्थिमित्रांनो, येथे रीत नीट पाहा. हे नऊ गुण कापले नसते तरीही पोर्टस्मथ शेवटच्याच क्रमांकावर राहिला असता, कारण त्याच्या वरच्या दोन्ही संघांचे प्रत्येकी तीस गुण होते. तेव्हा शिक्षेमुळे क्लब खाली गेला, हे म्हणणे हिशेबास धरून नाही. ऑगस्टात मैदानात उतरण्यापूर्वीच तो बराचसा खाली गेला होता.

आणि तरीही याच हंगामाने एक विलक्षण प्रसंग दाखविला. १० एप्रिल रोजी, स्वतः न खेळताच, दुसऱ्या एका सामन्याच्या निकालाने पोर्टस्मथची घसरण निश्चित झाली. दुसऱ्याच दिवशी वेम्बलीवर एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता आणि समोर टॉटनहॅम होता. आर्थिक ओढाताणीच्या काळात पोर्टस्मथचे काही उत्तम खेळाडू याच टॉटनहॅमने विकत घेतले होते. जादा वेळेत पिकिओन आणि बोआटेंग यांनी गोल केले आणि पोर्टस्मथ २-० असा जिंकला. १५ मे रोजीच्या अंतिम सामन्यात त्या वर्षीच्या लीगविजेत्या चेल्सीविरुद्ध बोआटेंगला पेनल्टी मिळाली. ती गोलरक्षक चेकने अडविली आणि थोड्याच वेळात ड्रॉग्बाने सामन्यातील एकमेव गोल केला. वास्तविक या उपविजेत्याला युरोपातील स्पर्धेत जागा मिळावयाची. परंतु आर्थिक निकष पुरे न केल्यामुळे पोर्टस्मथजवळ त्यासाठीचा परवाना नव्हता. मैदानावर कमावलेले वहीमुळे गेले.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रशासकाने क्लबाचे एकूण देणे सुमारे बारा कोटी पौंड असल्याचे दाखविले आणि घेणेकऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत बँका, करखाते, दलाल आणि मोठमोठे क्लब होते, यात नवल नाही. पण त्याच यादीत गावातले लहान धंदेवाले होते आणि सामन्याच्या दिवशी प्रथमोपचारासाठी उभे राहणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या सेवाभावी संस्थेचे सुमारे सत्तावीसशे पौंड होते. खेळाडूंच्या एका आठवड्याच्या पगारात ही रक्कम कितीदा तरी फिटली असती. मार्चमध्ये प्रशासकाने पंच्याऐंशी कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. ज्यांचे करार मोठे त्यांचे करार टिकले आणि ज्यांच्या हाती कराराचा कागदच साधा, त्यांना घरी जावे लागले.

आणि देणी फेडण्याचा क्रम कसा होता? इंग्लिश फुटबॉलमध्ये असा नियम आहे की, खेळाडू आणि इतर क्लब यांचे देणे पूर्ण फेडल्याखेरीज क्लबास लीगमध्ये खेळता येत नाही. त्यामुळे त्यांना पौंडास पौंड मिळावयाचा, आणि उरलेल्या सर्वांना, म्हणजे करखात्यास, छापखान्यास, प्रथमोपचाराच्या संस्थेस, पौंडामागे वीस पेन्स, तेही हप्त्याहप्त्याने. जून २०१० मध्ये घेणेकऱ्यांच्या बहुमताने ही तडजोड मान्य झाली. करखात्याने न्यायालयात हरकत घेतली, ती फेटाळली गेली. या नियमाचीही एक बाजू आहे. क्लबांनी एकमेकांची देणी बुडविली तर स्पर्धेवरचा विश्वासच उडेल, हे खरे. परंतु ज्याचा आवाज लहान त्याच्या वाट्यास तोटा मोठा, हा त्याचा परिणामही तितकाच खरा आहे.

माझ्या नोकरीच्या काळात एका बुडालेल्या पतसंस्थेच्या वह्या मला पाहाव्या लागल्या. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मोठ्या ठेवीदारांना अडचणीची कुणकुण आधी लागली होती आणि त्यांनी आपल्या ठेवी वेळीच काढून घेतल्या होत्या. दाराशी पासबुक घेऊन उभ्या होत्या त्या भाजी विकणाऱ्या बाया आणि निवृत्त शिपाई. पोर्टस्मथची यादी वाचताना मला ते दार आठवले. संस्था कोणाची, असे विचारले तर सगळेच ‘सर्वांची’ म्हणतात. तिचे दिवाळे निघते तेव्हा ती खरोखर कोणाची समजली गेली होती, हे देणी फेडण्याच्या क्रमावरून कळते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्टस्मथवर दुसऱ्यांदा प्रशासक आला, आणखी दहा गुण गेले आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत उतरला. त्या ऑगस्टपर्यंत बहुतेक सारे ज्येष्ठ खेळाडू निघून गेले होते. २०१३ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत आला. कप जिंकल्यापासून पाच वर्षांत एवढी घसरण! पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. क्लबाच्या पाठीराख्यांनी एक न्यास स्थापन करून प्रत्येकी हजार पौंडांचे भाग घेतले होते. असे भाग घेणारे दोन हजारांहून अधिक लोक निघाले. हजार पौंड ही नोकरदार माणसाला खिशातली चिल्लर नव्हे. काहींनी मिळून एकेक भाग घेतला. काही सधन गावकऱ्यांनी भर घातली, नगरपरिषदेने कर्जाऊ रक्कम दिली आणि पाठीराख्यांनी आपला क्लब विकत घेतला. चौथ्या श्रेणीतल्या सामन्यांनाही पंधरा हजारांच्या वर लोक येत राहिले. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २०१७ मध्ये त्याने चौथी श्रेणी जिंकली.

येथे थांबलो तर कथा गोड होईल, पण अपुरी राहील. त्याच वर्षी न्यासाच्या सभासदांनी मतदान करून क्लब अमेरिकेतील मायकेल आयस्नर यांच्या कंपनीस विकला. जुन्या मैदानाची दुरुस्ती आणि वरच्या श्रेणीची स्पर्धा यांस लागणारे भांडवल हजार पौंडांच्या भागांतून उभे राहणे कठीण होते. काही सभासदांना याचे दुःख झाले. परंतु फरक लक्षात घ्यावा. २००९-१० मध्ये क्लब चार हातांतून फिरला तेव्हा गावाला कोणी विचारले नव्हते. २०१७ मध्ये विकणाऱ्यांनी सभा घेतली, अटी वाचल्या, प्रश्न विचारले आणि मग मत दिले. २०२४ मध्ये तिसरी श्रेणी जिंकून पोर्टस्मथ दुसऱ्या श्रेणीत परतला. पोर्टस्मथसारख्या अनेक क्लबांच्या अनुभवानंतर २०२५ साली ब्रिटिश संसदेने फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदाही केला.

आपल्या गोव्याकडे वळून एवढेच सांगतो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली उतरला, लगेच पुढल्या हंगामात द्वितीय श्रेणी जिंकून वर आला, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. तेथे कारण दिवाळखोरीचे नव्हते. महासंघाच्या नव्या रचनेविषयीचा तो निषेध होता. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, ही आनंदाची गोष्ट. उद्योगघराण्यांनी गोव्याच्या फुटबॉलसाठी जे केले ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि, रविवारी फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाला त्या निर्णयांत मत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

शाळा आणि क्लब यांत अंतर आहे, तरी साम्यही आहे. ही शाळा कोणा एकाच्या तिजोरीतून उभी राहिलेली नाही. कोणी जागा दिली, कोणी लाकूड दिले, कोणी पहिल्या पगारातून दहा रुपये दिले. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, देणगी द्यावी आणि वार्षिक सभेसही यावे. अहवालातील शेवटची पाने, म्हणजे जमाखर्च आणि ताळेबंद, वाचावीत. समजले नाही तर उभे राहून विचारावे. पदाधिकाऱ्यांनाही विनंती आहे की, विचारणाऱ्यास विरोधक समजू नये. चालू खर्च कशातून भागतो, कोणाचे देणे थकले आहे, शिपायाचा पगार वेळेवर होतो की नाही, हे तीन प्रश्न दर वर्षी विचारले गेले तर पुष्कळ काम होईल. पोर्टस्मथचे पाठीराखे हे प्रश्न विचारावयास शिकले तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत पोहोचला होता. आपणांस ते आजच विचारता येतील.