पट सुरू झाला, जोडी कुठून आणायची?

(नागपूर येथील जिल्हा बैठकीत एका जुन्या धुरकऱ्याने केलेले भाषण)



मी भाषण करणारा माणूस नाही. छकड्यावर बसून शंकरपटात जोडी हाकणारा धुरकरी आहे. लहानपणी वडिलांबरोबर तळेगाव दशासरचा पट पाहिला, तेव्हापासूनचे हे वेड. अमेरिकेत ट्रॅक्टरला वजन जुंपून तो किती दूर ओढतो ते पाहतात. आपला पट सेकंदांचा. डोळ्याचे पाते लवले की निकाल.

आमच्या घरी पटाची जोडी वेगळी आणि शेताची वेगळी असे नव्हते. पावसाळ्यात जी पऱ्हाटीत डवऱ्याला, तीच संक्रांतीनंतर दाणीवर. सरकीची ढेप आणि ज्वारीचा कडबा, खुराक सगळा आपल्याच पिकाचा.

खोटे बोलणार नाही. तुतारी मीही टोचली आहे. एकदा बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त आले, तर घरची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुतारी बंद करा म्हटले असते तर मी पहिला हात वर केला असता. पण ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच बंद केल्या. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. त्याच्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा, ती वाटच बुडाली. कापसाच्या भावात रिकामे बैल पोसायचे कसे? २०१६ च्या उन्हाळ्यात मी जोडी विकली, पडेल त्या भावात. मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. जनावर नाही म्हणून ज्वारी गेली, सोयाबीन आले.

१६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी राज्याचा कायदाही मान्य केला. आता डॉक्टरचा दाखला लागतो, काठी-तुतारी चालत नाही, धाव हजार मीटरच्या आत. या अटी मला कबूल आहेत.

मग पट पाहायला गेलो. पोरांनी ओळखले, पाया पडली. मी एका बैलाच्या खांद्यावर हात फिरवला. जूचा घट्टाच नाही! औताला कधी लागलाच नव्हता. किंमत विचारली आणि गप्प बसलो. आमच्या साऱ्या कापसात तो आला नसता.

नातू म्हणतो, आबा, एक गोऱ्हा घेऊ. मी म्हटले, आधी एकरभर ज्वारी पेर, कडबा होऊ दे. बियाणे आणून ठेवले आहे.