समुद्रापासून थोडे वर

उष्ण कटिबंधातल्या देशात बिऱ्हाड हलवायचे ठरले, की घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो का, हे आपण आधी विचारतो. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि वाऱ्याच्या कोणत्या अंगाला आहे. मॉरिशसचेच घ्या. बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचे. पुणे जिल्ह्यात अशी सात मावतील. तरी त्यात हवामाने कितीतरी. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात, तिथे पाऊस टाकतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजवायला नको. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्यूरपीपच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्या आत. शिवाय हजार मीटर चढलो की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते; म्हणजे क्यूरपीपला निव्वळ उंचीमुळेच तीनेक अंशांची सवलत मिळते.

हा शोध माझा नव्हे, तो बेटाने फार मोठी किंमत देऊन लावला आहे. 1866 ते 1868 या काळात हिवतापाने पोर्ट लुई हे राजधानीचे बंदर उद्ध्वस्त केले, हजारो माणसे दगावली. रेल्वे 1864 मध्येच सुरू झाली होती, तेव्हा ज्यांना परवडले ते गाडीत बसून पठारावर राहायला गेले, आणि क्यूरपीप, रोझ हिल ही गावे वाढली. डासाची भूमिका तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. हिवताप दूषित हवेने होतो या चुकीच्या समजुतीतून माणसे बरोबर ठिकाणी पोचली, असे म्हणायला हरकत नाही. मुंबई बंदरातून जहाजाने गेलेल्या मराठी गिरमिट्यांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, मात्र ही निवड नव्हती. त्यांनी कुठे राहायचे ते उसाचा मळा ठरवी.

यावर कोणी म्हणेल, हिवताप तर गेला. खरे आहे, 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. पण डास गेले नाहीत, हे 2005-06 च्या चिकनगुन्याच्या साथीने दाखवले. उकाड्यावर एसी आहेच, असेही म्हणतील. एसी खोली थंड करतो. बाजार, शाळेचा रस्ता आणि वीजबिल यांवर त्याचा इलाज चालत नाही, आणि चक्रीवादळात तारा तुटल्या की तोही बंद. पावसाचे म्हणाल तर कोरड्या अंगाला आहोत म्हणून निर्धास्त राहण्याची सोय नाही. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत आहे आणि उतारावरचे सगळे पाणी शहरात येते. 30 मार्च 2013 रोजी काही तासांच्या पावसाने तिथे अकरा माणसांचा जीव घेतला.

सगळ्यात वजनदार आक्षेप उंचीवरच आहे, आणि तो मला मान्य आहे. क्यूरपीपला धुके, ओल, भिंतींना बुरशी. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. संधिवात असलेल्या माणसाला मी तिथे पाठवणार नाही. म्हणून माझा कौल शिखराला नसून मधल्या टप्प्याला आहे : रोझ हिल, कात्र बोर्न, मोका, म्हणजे साधारण अडीचशे ते चारशे मीटरचा पट्टा. परदेशी माणसाला घर विकत घेणे मुख्यतः सरकारमान्य योजनांमधूनच शक्य असते, आणि मोक्यासारखे अपवाद सोडले तर अशा योजना बऱ्याचशा किनाऱ्यालगत आहेत. त्यामुळे दलाल तुम्हाला किनाराच दाखवणार. त्यात त्याचा दोष नाही. भाड्याने राहणाऱ्याला मात्र पट्टा निवडता येतो. म्हणून पहिले वर्ष भाड्याचेच असावे, आणि पुढे विकत घ्यायचे झाले तर किनाऱ्यावरचे घर जानेवारी-फेब्रुवारीत पाहावे, पठारावरचे जुलैत. दक्षिण गोलार्ध असल्याने तिथला उन्हाळा आणि वादळांचा मोसम आपल्या थंडीत येतो, तर आपल्याकडच्या सहली नेमक्या मे महिन्यात निघतात, जेव्हा बेट सगळीकडूनच छान वाटते. राहिला नोकरीचा प्रश्न. कचेऱ्या पोर्ट लुईत, म्हणून घरही खालीच हवे, हे आता तितकेसे खरे नाही. 1956 मध्ये प्रवासी रेल्वे बंद पडली होती; बऱ्याच अंशी त्याच जुन्या मार्गावरून आलेली मेट्रो 2022 मध्ये क्यूरपीपपर्यंत पोचली, आणि रोझ हिल, कात्र बोर्न दोन्ही तिच्याच वाटेवर आहेत.