अकाली गेलेल्यांच्या मागे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचे आकडे छापील अहवालाच्या रूपाने आपल्या हाती आहेतच. आज आम्ही एका तरुणाविषयी आणि त्याच्यामागे उरलेल्या घराविषयी बोलणार आहोत.

आपली बोरिवली आणि दहिसर ओलांडले की मीरा रोड लागते. मेजर कौस्तुभ राणे तेथले. घराणे मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी तालुक्याचे. ३६ राष्ट्रीय रायफल्समध्ये कार्यरत असताना ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरी रोखताना त्यांना वीरमरण आले. त्यांच्यासोबत मनदीपसिंह रावत, हमीरसिंह आणि विक्रमजीतसिंह या जवानांनीही प्राण वेचले. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी मेजर राणे यांना सेना पदक जाहीर झाले होते. वय अवघे २९ वर्षांचे. घरी पत्नी कनिका आणि जेमतेम अडीच वर्षांचा मुलगा. मीरा रोडवर त्यांना अखेरचा निरोप देण्यासाठी हजारोंचा जनसमुदाय लोटला होता.

जनसमुदाय ओसरतो, घर मागे राहते. दाराशी चपलांचा एक जोड तसाच असतो आणि मूल बाबा कधी येणार असे विचारते. कनिका राणे यांनी आपले उत्तर कृतीने दिले. त्यांनी सैन्यदलात जाण्याचा निर्धार केला, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यापूर्वी कुपवाडा येथे नोव्हेंबर २०१५ मध्ये वीरमरण आलेले कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक याही २०१७ मध्ये अशाच लष्करी अधिकारी झाल्या. पतीची स्मृती तसबिरीपुरती न ठेवता तिला आपल्या आयुष्याचे काम करणाऱ्या या दोघींपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांच्या पाठीशी सैन्यदलासारखी संस्था होती आणि अवघा समाज उभा होता. आपल्या रुग्णालयात ज्यांचे तरुण पती जातात, त्यांच्यासाठी मिरवणूक निघत नाही. कोणी रिक्षाचालक असतो, कोणी कारखान्यातला फिटर, कोणी लोकलने रोज चर्चगेट गाठणारा कारकून. त्यांच्या पत्नीपाशी त्या क्षणी उभी असणारी संस्था एकच असते, आणि ती म्हणजे आपण.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागात एका तरुणाचे पहाटे निधन झाले. कागदपत्रे पूर्ण करण्यासाठी त्याची पत्नी खिडकीशी आली. आमच्या कर्मचाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, ‘‘सोबत कोणी पुरुष माणूस आहे का?’’ ती बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘होता. आता सही मीच करणार.’’

त्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. दोष आमच्या पद्धतीचा होता. तीन आठवडे उशाशी बसून औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या पत्नीला आम्ही अखेरच्या क्षणी परके ठरवले होते. त्यानंतर आम्ही तो प्रश्न कायमचा बंद केला. आता अशा वेळी कुटुंबाला खिडकीशी बोलावले जात नाही. समाजसेवा विभागातील कार्यकर्ती त्यांच्यापाशी जाऊन बसते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयातील मृत्यू कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाचीच असते, हे ती समजावून सांगते. विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक यांसाठी मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती घ्याव्यात, हेही ती लिहून देते. बिल थकले म्हणून पार्थिव अडवायचे नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. म्हणून दाखल होतानाच ती सांगितली जावी, असा आमचा आग्रह आहे.

तथापि योजनेत रुग्णाचा विचार आहे. रुग्ण गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा विचार तीत नाही. घरभाडे आणि शाळेची फी थांबत नाहीत. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, जमाखर्च मांडणे हा आमचा व्यवसाय. रुग्ण दगावला की आमच्या वहीतील त्याचे खाते बंद होते. त्याच्या घरचा खर्च त्याच दिवसापासून नव्याने सुरू होतो. या कामासाठी दात्यांनी स्वतंत्र हात द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

मेजर कौस्तुभ राणे यांच्या स्मृतीस आणि आपल्या रुग्णालयात अकाली जग सोडून गेलेल्या सर्व तरुणांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो. त्या पहाटे स्वतः सही करणाऱ्या भगिनीचेही आम्ही ऋणी आहोत. त्यांनी आम्हांस आमचे काम शिकवले.