मुलांचा शेजारी



आज तुम्हांला अमेरिकेतल्या एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव फ्रेड रॉजर्स.

रॉजर्स १९२८ साली लॅट्रोब या गावी जन्मले. १९५१ साली आईवडिलांच्या घरी त्यांनी पहिल्यांदा टीव्ही पाहिला. त्यात माणसे एकमेकांच्या तोंडावर खाण्याचे पदार्थ फेकून मारीत होती. रॉजर्स यांना फार वाईट वाटले. एवढे मोठे यंत्र, आणि त्याचा हा असला उपयोग! त्यांनी ठरवले, आपणच या कामात शिरायचे.

१९५४ साली पिट्सबर्ग शहरात ते मुलांच्या कार्यक्रमात काम करू लागले. पडद्याआडून बाहुल्यांना बोलते करीत. पुढे १९६८ साली त्यांचा स्वतःचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला. रॉजर्स दारातून येत. कोट काढून ठेवीत. आईने विणलेला स्वेटर घालीत. बूट बदलीत. मग सावकाश बोलू लागत. मुलांना वाटे, शेजारचे काकाच आले.

तिथे काचेच्या पेटीत मासे होते, बरं का. रॉजर्स त्यांना रोज खाणे घालीत. एकदा ५ वर्षांच्या मुलीचे पत्र आले. माशांना खाणे घालाल तेव्हा मोठ्याने सांगत जा, मला त्यांची काळजी वाटते, असे तिचे म्हणणे. खाली वडिलांनी लिहिले होते की मुलीला दिसत नाही, तुम्ही सांगितले नाही तर ती रडते.

तेव्हापासून रॉजर्स तोंडाने सांगू लागले. बाकीच्या मुलांना दिसतच होते. ते बोलले त्या एका मुलीसाठी.

१९७० साली एका भागात मासा मेलेला दिसला. दुसऱ्या कोणी गुपचूप नवा मासा सोडला असता. रॉजर्स यांनी तसे केले नाही. मासा मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिला. तो हलला नाही. तेव्हा त्यांनी तो अंगणात पुरला. लहानपणी आपली कुत्री मेली तेव्हा आपण रडलो आणि आजीने जवळ घेतले, हेही मुलांना सांगितले.

त्यांच्या कार्यक्रमाचे नवे भाग २००१ सालापर्यंत निघत होते. २००३ साली ते वारले. त्यांचा एक स्वेटर वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

मंडळी, मी ३० वर्षे शाळेत शिकवले. एकदा दुसरीतला एक मुलगा वर्गात रडत होता. घरची शेळी मेली होती. मी म्हणालो, "शेळीसाठी कसला रडतोस? चूप बैस, पाढे म्हण." तो चूप बसला. पाढेही म्हणाला. पण पुन्हा कधी काही सांगायला तो माझ्याजवळ आला नाही. आजही ते मनाला लागून राहिले आहे.

तुमचे पोर रडत आले तर त्याला दटावू नका. हातात मोबाइल देऊन गप्पही करू नका. जवळ बसवा. "काय झालं, बाळा?" असे विचारा. ते सांगेल ते ऐका आणि खरे तेच त्याला सांगा. याला पैसा लागत नाही. मोठे शिक्षणही लागत नाही. थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.