आधी खांदेमळणी, मग शिंगांना रंग



पोळा होऊन चार दिवस होत नाहीत तोच बाप्पा येतात. 1956 साली किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण आंध्रात आलो आणि 2014 साली तेलंगणात. राज्यं बदलली, पण आदिलाबादचा पोळा पैनगंगेच्या पलीकडच्या यवतमाळसारखाच राहिला. आपले गोंड बांधवही तो साजरा करतात.

पण दारातले बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. आपल्या मुलांचा जीव आता घरच्या कुत्र्या-मांजरांवर. म्हणून गेल्या वर्षी आम्ही तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल, शेजारच्या गावातल्या दोन बैलजोड्या आणि घरची जनावरं असा मेळावा भरवला. हौसेपोटी डीजेही लावला. तोरणाखाली एक बैल बुजला, कासरा तोडून पळाला. मुलं बचावली, पण बैलाचा खूर दुखावला. त्या शेतकऱ्यानं आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. चूक आमचीच होती.

तेव्हा आम्हाला खांदेमळणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आधी त्याचा शीण, मग आपली हौस. वाडवडिलांचं नियोजन असं होतं.

पुढच्या वर्षी त्याच क्रमानं जाऊ. डीजे नाही, फटाके नाहीत, संबळ-डफडंही लांबच. मेळावा सकाळी आठला, सावलीत, जागोजागी पाण्याच्या बादल्या. बैलांची जागा वेगळी, कुत्र्यांची वेगळी. मांजरं टोपलीतच बरी, बाप्पांच्या वाहनाचाही विचार करायला हवा! कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली हवी. लम्पीच्या साथीनं शिकवलंय, म्हणून अंगावर गाठी किंवा ताप असलेलं जनावर घरीच ठेवायचं. शिंगांना ऑइलपेंट नको, गेरू चालेल. प्रेमापोटी पुरणपोळ्यांचा आणि धान्याचा मारा केला तर बैलाचं पोट फुगतं, घासभर पुरे. बेदाणे कुत्र्याला विषासारखे, तेव्हा प्रसाद आपणच खाऊ.

आणि गंमत? भरपूर! मुलांची लाकडी बैल सजवण्याची स्पर्धा, मोठ्यांच्या झडत्या, "माझं जनावर" यावर दोन मिनिटं बोलणं, मालकाच्या हाकेला कुत्रं किती लवकर येतं याची शर्यत. वेशभूषा मुलांनी करायची, जनावरांनी नाही. बक्षीस सजावटीला एक आणि निगराणीला एक: स्वच्छ कान, कापलेली नखं, न घासलेला खांदा. हे दुसरं बक्षीस मोठं ठेवू.

त्या शेतकऱ्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. मानाची जोडी त्याचीच असावी, अशी विनंती करायला. तो हो म्हणाला, तर आपला मेळावा खरा.

गणपती बाप्पा मोरया!